ग्रिंडल वर्मचे कल्चर वारंवार कोसळत असेल तर: वासावरून निदान आणि उपाय

माशांच्या पिल्लांसाठी आणि लहान माशांसाठी घरी जिवंत खाद्य वाढवणाऱ्यांकडून एक तक्रार सतत ऐकू येते. ग्रिंडल वर्मचा, म्हणजे बारीक पांढऱ्या कृमींचा, नवा डबा लावला की पहिले काही आठवडे फारसे काही दिसत नाही. मग एकाएकी भरभराट होते, खाद्याखाली पांढऱ्या कृमींचे झुबके जमू लागतात, आणि आता सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच डब्याला वास येऊ लागतो, कृमी झाकणापर्यंत चढतात आणि दोन-चार दिवसांत कल्चरचा, म्हणजे डब्यात वाढवलेल्या त्या वसाहतीचा, चिकट लगदा होतो. उरलेसुरले कृमी वेचून नवा डबा लावावा, तर तोही त्याच वाटेने जातो, आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा लवकर जातो.

अशा वेळी बहुतेक जण खाद्य बदलतात, माध्यम, म्हणजे कृमी ज्यात राहतात तो ओलसर भुसा, बदलतात किंवा दुसरीकडून नवा स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचे थोडे कृमी, आणतात. या तिन्हींचा कधीकधी उपयोग होतो; पण तो का झाला हे कळलेले नसल्यामुळे पुढच्या वेळी होत नाही. माझे मत असे आहे की कल्चर कोसळण्याची कारणे मोजकी आहेत, त्यांतील प्रमुख बिघाडांचे वास वेगवेगळे असतात, आणि डबा रिकामा करण्यापूर्वी तो वास नीट ओळखला तर योग्य उपाय बहुधा सापडतो. वास न ओळखता केलेला उपाय मात्र उलटा पडू शकतो. डब्यात अंड्याच्या कवचाची किंवा शिंपल्यांची पूड टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तोच उपाय एका प्रकारच्या बिघाडात कल्चर वाचवतो आणि दुसऱ्या प्रकारात उरलेल्या कृमींचाही जीव घेतो.

आधी डब्यात कोण आहे ते पाहा

निदानाच्या आधी एक खात्री करून घेणे आवश्यक आहे, कारण ग्रिंडल वर्म, व्हाइट वर्म आणि मायक्रोवर्म ही तीन नावे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि तिघांच्या गरजा फार वेगळ्या आहेत. ग्रिंडल वर्म, म्हणजे एन्किट्रियस बुखहोल्झी, साधारण 10 मिलिमीटरपर्यंत लांब आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. व्हाइट वर्म, म्हणजे एन्किट्रियस अल्बिडस, हा त्याच कुळातला असला तरी 20 ते 40 मिलिमीटर वाढतो आणि त्याला थंडावा लागतो. 12 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात तो सुखाने राहतो आणि 25 अंशांच्या पुढे टिकत नाही. उबदार खोलीत ठेवलेला व्हाइट वर्मचा डबा पुन्हा पुन्हा मरत असेल, तर खाद्य, ओलावा, माध्यम यांपैकी कशातही बदल करून काही साधणार नाही. त्याला थंड जागा द्यावी, नाहीतर ग्रिंडल वर्मकडे वळावे, कारण ग्रिंडलला 20 ते 26 अंशांचे तापमान मानवते.

मायक्रोवर्मची गोष्ट निराळीच आहे. पॅनाग्रेलस रेडिव्हिव्हस हा सूत्रकृमी जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर लांबीचा असतो, ओट्सच्या किंवा पिठाच्या ओल्या लगद्यात यीस्ट आणि जिवाणूंवर जगतो, अंडी न घालता थेट पिल्ले देतो, आणि त्याचे कल्चर काही आठवड्यांत आंबून पातळ होणे हा त्याचा स्वाभाविक क्रमच आहे. तेथे आंबूस वास येणे म्हणजे बिघाड नव्हे. दर दोन आठवड्यांनी चमचाभर जुने कल्चर नव्या लगद्यावर टाकत राहणे एवढेच तेथे करायचे असते. या लेखात पुढे जे लिहिले आहे ते ग्रिंडल वर्मविषयी आहे, आणि तापमानाचा मुद्दा सोडला तर व्हाइट वर्मलाही लागू पडते.

मुळात बिघडते काय

ग्रिंडल वर्म हा गांडुळाचा नातेवाईक आहे. त्याला फुप्फुसे नाहीत आणि कल्लेही नाहीत. तो ओलसर त्वचेतून ऑक्सिजन घेतो. म्हणून त्याच्याभोवती पाण्याचा पातळ थर हवा आणि त्या थराच्या लगेच पलीकडे हवा खेळती हवी. माध्यमातील पोकळ्यांमध्ये हवा असते तोवर वरून आलेला ऑक्सिजन खालपर्यंत सहज पोहोचतो. त्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की तो जवळजवळ पोहोचतच नाही, कारण वायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. शिवाय पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी: 15 अंशांना लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम मावतो, तर 30 अंशांना साडेसात मिलिग्रॅम. उष्णतेत जिवाणू मात्र अधिक वेगाने वाढतात. एकाच वेळी पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, म्हणून उन्हाळ्यात कल्चर अधिक कोसळतात.

आपण टाकलेले खाद्य खाणारे डब्यात दोन गट असतात. एक कृमींचा आणि दुसरा जिवाणू, यीस्ट व बुरशी यांचा. कृमींनी खाद्य आधी संपवले तर दुसऱ्या गटाला फारसे काही उरत नाही. ते उरले तर सूक्ष्मजीव ते कुजवतात, कुजताना डब्यातला ऑक्सिजन वापरतात आणि मागे आम्ल किंवा अमोनिया सोडतात. कृमी झाकणाकडे चढू लागतात ते याच कारणाने. खाली श्वास घेण्याजोगे काही उरलेले नसते. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेल्या दवात चार-दोन कृमी फिरताना दिसले तर काळजीचे कारण नाही. ते शेकड्यांनी भिंतींवर चिकटलेले दिसले आणि खाद्यापाशी कोणीच नसले, तर डबा बिघडला असे निश्चित समजावे.

तीन वास

निरोगी डब्याला पावसानंतरच्या मातीसारखा मंद वास येतो. हा वास मातीतील ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो आणि तो असेपर्यंत डब्यात हवा खेळती आहे असे मानायला हरकत नाही. झाकण उघडताच पहिल्या श्वासात जो वास येतो तोच खरा, कारण नाक लगेच सरावते. म्हणून दर वेळी झाकण काढताना, दुसरे काही करण्याआधी वास घ्यावा.

आंबट वास, म्हणजे व्हिनेगरसारखा किंवा आंबलेल्या पिठासारखा वास येत असेल, तर पिष्टमय खाद्य आंबत आहे. ओट्स, ब्रेड, पीठ अशा खाद्यांवर यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू फोफावतात आणि माध्यमाचा सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) खाली जातो. पीट मॉस, म्हणजे दलदलीतले वाळवलेले शेवाळ, वापरणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो, कारण ते मुळातच आम्लधर्मी असते आणि त्याचा सामू 3.5 ते 4.5 च्या आसपास असू शकतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, त्या मानाने उदासीनच्या जवळ असते. या बिघाडात कॅल्शिअम कार्बोनेट उपयोगी पडते. अंड्याची स्वच्छ धुऊन वाळवलेली कवचे किंवा शिंपल्यांचा चुरा बारीक करून मूठभर माध्यमात चिमूटभर मिसळावा. आम्ल असेल तेवढेच ते विरघळते आणि आम्ल संपले की थांबते, म्हणून त्याचा अतिरेक होत नाही. विरवलेला किंवा न विरवलेला (कळीचा) चुना मात्र कधीही वापरू नये. त्याने सामू थेट 12 च्या घरात जातो आणि कृमींची त्वचा भाजून निघते.

दुसरा वास डोळ्यांत झोंबणारा, तिखट, लघवीसारखा असतो. तो अमोनियाचा. माशांचे दाणे, मांजराचे किंवा कुत्र्याचे सुके खाद्य अशा प्रथिनयुक्त गोष्टी गरजेपेक्षा जास्त पडल्या, किंवा मेलेले कृमीच कुजू लागले, की तो येतो. येथे चुना, कवच, शिंपले काहीही घालू नये. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: एक अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी असतो, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो विषारी असतो आणि ओल्या त्वचेतून सरळ आत शिरतो. सामू 7 असताना 25 अंशांना एकूण अमोनियाचा एक टक्काही मुक्त रूपात नसतो. सामू 8 झाला की तो सुमारे पाच टक्के होतो आणि 9 झाला की एक तृतीयांशाहून अधिक. म्हणजे कवचाची पूड टाकून सामू वाढवणारा माणूस त्याच डब्यातले विष कित्येक पटींनी वाढवत असतो. आंबट वासासाठी दिलेला सल्ला अमोनियाच्या वासाला लावल्यामुळे किती डबे गेले असतील याची कल्पना करवत नाही, आणि म्हणूनच या एका फरकावर मी इतका भर देतो आहे.

तिसरा वास सडक्या अंड्यांचा. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि त्याचा अर्थ असा की डब्याच्या तळाशी ऑक्सिजन पूर्णपणे संपला आहे. कारण जवळजवळ नेहमी पाण्याचे असते. माध्यम फार ओले झाले, किंवा थर फार जाड आहे आणि तळाशी पाणी साचले आहे. डबा पारदर्शक असेल तर बाहेरूनच खालचा थर काळपट दिसतो. कृमी मुख्यतः वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच राहतात, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थराचा कृमींना काहीच फायदा नाही. ओलावा तपासायची सोपी रीत अशी की मूठभर माध्यम घट्ट पिळावे. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

वास येऊ लागला त्याच दिवशी काय करावे

कारण कोणतेही असो, पहिले काम एकच आहे: शिल्लक खाद्य काढून टाका. नुसते वरवरचे उचलू नये. खाद्याखालचे सेंटिमीटरभर चिकट झालेले माध्यमही चमच्याने काढावे. त्यानंतर झाकण काढून डब्यावर बारीक विणीचे कापड बांधावे, माध्यम काट्याने हलक्या हाताने उकरून सैल करावे आणि दोन-तीन दिवस काहीही खायला देऊ नये. उपाशी राहून कृमी मरतील ही भीती निराधार आहे. आठवडाभर खाद्य न मिळाले तरी ते माध्यमातल्या सूक्ष्मजीवांवर निभावून नेतात.

अमोनियाचा वास असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण विष माध्यमाच्या पाण्यात विरघळलेले असते. भिंतींवर आणि झाकणावर चढलेले कृमी हे सर्वांत सुदृढ उरलेले कृमी होत. ते ओल्या ब्रशने किंवा पाण्याच्या झोताने एका ग्लासात उतरवावेत, ते तळाशी बसले की वरचे पाणी ओतून टाकावे, पुन्हा स्वच्छ पाणी घालावे, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हे करावे. मग त्यांना नव्या, धुतलेल्या, पिळलेल्या माध्यमात सोडावे. पाणी क्लोरीनमुक्त असावे. साध्या क्लोरीनचे पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवल्यास चालते, पण नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरले जात असेल तर ते असे उडून जात नाही आणि मत्स्यालयासाठी मिळणारे क्लोरीननाशक द्रव वापरावे लागते.

जुना डबा लगेच फेकू नये, अर्थात त्यात माइट, म्हणजे कोळ्यांच्या वर्गातले अगदी बारीक जीव, नसतील तरच. कृमी मेले तरी त्यांनी घातलेले कोश माध्यमात असतात, एकेका कोशात अनेक अंडी असतात आणि उबदार जागेत ती दीड-दोन आठवड्यांत फुटतात. खाद्य न टाकता, ओलावा राखून आणि झाकणाऐवजी कापड बांधून जुना डबा तीन आठवडे बाजूला ठेवला, तर पूर्ण मेलेल्या वाटणाऱ्या माध्यमातून दोऱ्यासारखी बारीक पिल्ले वर येताना पुष्कळदा दिसतात.

खाद्याचे माप चुकते कुठे

प्रमाणात खायला द्या, असे सगळेच सांगतात. माप नेमके कधी चुकते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मते ते तीन ठरावीक प्रसंगी चुकते.

पहिला प्रसंग नवा डबा लावल्याचा. चमचाभर कृमींना आपण आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या भरलेल्या डब्याच्या मापाने खाद्य टाकतो. दुसऱ्याच दिवशी त्यावर पांढरी कापसासारखी बुरशी चढते, आणि ती पाहून स्टार्टरच खराब होता असा समज होतो. ही बुरशी कृमींना मारत नाही. तिचा अर्थ इतकाच की खाणारे कमी आहेत आणि खाद्य जास्त आहे. नव्या डब्यात वाटाण्याच्या दाण्याएवढे भिजवलेले खाद्य एका जागी ठेवावे, त्यावर काचेचा किंवा प्लास्टिकचा छोटा तुकडा दाबून ठेवावा आणि ते 24 तासांत संपले तरच पुन्हा द्यावे. संपले नाही तर उचलून टाकावे आणि पुढच्या वेळी निम्मे द्यावे. डबा पूर्ण भरात आल्यावरसुद्धा पृष्ठभागाच्या एक दशांशाहून अधिक भाग खाद्याने झाकू नये, असा माझा दंडक आहे.

दुसरा प्रसंग मोठी काढणी केल्यानंतरचा, आणि हा सर्वांत दुर्लक्षित आहे. पिल्लांची एखादी मोठी तुकडी आली की आपण डब्यातले बरेचसे कृमी एकदम काढून घेतो, पण खाद्य सवयीने तेवढेच टाकत राहतो. खाणारे निम्मे झालेले असतात, माप तेच असते, आणि चार दिवसांनी वास येतो. भरात असलेला डबा एकाएकी कोसळला असे वाटते तेव्हा गेल्या आठवड्यात काढणी किती झाली होती हे आठवून पाहावे. याची उलट बाजूही आहे: काढणी अजिबात न केलेल्या डब्यात कृमींची दाटी होते, ते मरू लागतात, मेलेले कृमी हेच प्रथिनयुक्त खाद्य बनून कुजतात, त्या अमोनियाने आणखी कृमी मरतात, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की दोन दिवसांत संपते. म्हणून मासे खायला नसले तरी भरलेल्या डब्यातून नियमित काढणी करावी आणि जास्तीच्या कृमींचा दुसरा डबा लावावा.

तिसरा प्रसंग बाहेरगावी जाण्याचा. परत येईपर्यंत पुरावे म्हणून दुप्पट-तिप्पट खाद्य टाकून जाणे ही कल्चर मारण्याची अगदी खात्रीची रीत आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी उरलेले खाद्य काढून घ्यावे आणि रिकाम्या पोटी डबा सोडून जावे.

खाद्य कोणते हा प्रश्न यापुढे गौण आहे. ओट्सचे पीठ आणि माशांचे बारीक केलेले दाणे आलटून पालटून दिले तर आंबणे आणि अमोनिया या दोन्ही टोकांपासून डबा दूर राहतो. तेलकट, मसालेदार किंवा खारट काहीही देऊ नये.

माइट

वरील सर्व सांभाळूनही कल्चर दर वेळी त्याच टप्प्यावर मंदावत असेल, आणि वास फारसा नसेल, तर भिंग घेऊन खाद्याचा पृष्ठभाग पाहावा. त्यावर पिठासारखी बारीक भुकटी दिसली आणि ती भुकटी हळूहळू हलत असली, तर ते माइट आहेत. हे बहुतेक वेळा धान्याच्या साठ्यात आढळणारे माइट असतात, जसे ॲकॅरस सायरो किंवा टायरोफॅगस प्युट्रिसेंटी. आकाराने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पांढुरके, आठ पायांचे आणि अंगावर लांब केस असलेले. ते कृमींना खात नाहीत. ते खाद्य बळकावतात, डबा मळवतात आणि इतक्या झपाट्याने वाढतात की कृमी खाद्यापर्यंत येईनासे होतात. तपकिरी रंगाचे आणि झपझप पळणारे माइट दिसले तर ते वेगळे, शिकारी प्रकारचे असतात आणि मातीतले लहान जीव खातात. तेही ग्रिंडलच्या डब्यात नकोतच. साठ्यातल्या माइटची अनेकांना ॲलर्जी असते, म्हणून भुकटी फुंकून उडवू नये आणि असा डबा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.

कल्चर पुन्हा पुन्हा बिघडण्याचे खरे मूळ पुष्कळदा येथेच असते. माइट सुक्या खाद्यातून येतात, त्याच पिशवीतले खाद्य नव्या डब्यातही जाते, आणि जुन्या माध्यमाचा गोळाच स्टार्टर म्हणून वापरला तर माइट त्यांच्या अंड्यांसह नव्या घरात पोहोचतात. नव्या डब्यात कृमी थोडे असतात, खाद्य उरते आणि त्यावर माइट आधी वाढतात. दुसरा डबा पहिल्यापेक्षा लवकर जातो त्याचे स्पष्टीकरण हेच.

म्हणून सुरुवात खाद्यापासून करावी. सर्व सुके खाद्य हवाबंद डब्यात भरून आठवडाभर उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर आत दव जमून खाद्य ओलसर होते आणि माइटना ओलसर खाद्यच हवे असते. कृमी स्वच्छ करण्यासाठी माध्यम न उचलता फक्त काचेच्या तुकड्याखाली जमलेले कृमी घ्यावेत, उंच ग्लासात पाण्यात सोडावेत आणि थोडे थांबावे. कृमी तळाशी जातात. माइट, खाद्याचे कण आणि माध्यमाचा भुसा यांचा बराच भाग वर तरंगतो. वरचे पाणी ओतून द्यावे आणि पृष्ठभाग स्वच्छ दिसेपर्यंत हे पाच-सहा वेळा करावे. ग्रिंडल वर्म पाण्यात बराच वेळ जिवंत राहतात, तेव्हा घाई करू नये. असा नवा डबा जुन्यापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा, त्याचा चमचा आणि ब्रशही वेगळा असावा. माइटची एक पिढी उबेत साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होते, म्हणून तीन आठवडे भिंगाने तपासणी करावी. एखादा जरी दिसला तरी धुण्याची सारी क्रिया पुन्हा करावी. या वेळी जुने माध्यम, कोशांसकट, उकळत्या पाण्याने मारून टाकून द्यावे.

इतके करूनही माइट परत येत असतील तर मी माध्यमच सोडून देण्याचा सल्ला देईन. भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळ्या किंवा मोठ्या छिद्रांचा स्पंज डब्यात बसवावा, तळाशी जाळीचा खालचा भागच भिजेल इतके पाणी ठेवावे आणि खाद्य जाळीच्या वरच्या बाजूस द्यावे. जाळी नवी आणि साबणविरहित असावी. यात डबा पूर्ण पाण्याने भरून माइट आणि घाण तरंगवून ओतून देता येते, आणि कोश जाळीतच राहतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, एवढे एक काम वाढते. डबा पाण्याच्या ताटलीत उंचवट्यावर ठेवला तर बाहेरून येणाऱ्या माइटना आणि मुंग्यांनाही अडवता येते. ताटलीतल्या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा थेंब टाकावा, कारण त्यावाचून माइट पाण्याच्या पृष्ठभागावरून चालत जातात. तो थेंब डब्यात मात्र कधीही जाऊ नये.

बाकीच्या पाहुण्यांबद्दल थोडक्यात. उड्या मारणारे राखाडी-पांढरे स्प्रिंगटेल बुरशी खातात आणि त्रास देत नाहीत. काळ्या चिलटांच्या अळ्या अर्धपारदर्शक असून त्यांना चकचकीत काळे डोके असते, कृमींना असे वेगळे डोके नसते. त्या अळ्या मासे आनंदाने खातात, आणि डब्यावर बारीक विणीचे कापड कायम ठेवले की चिलटे नव्याने येत नाहीत.

पुन्हा लावताना

नवे माध्यम कोकोपीटचे असेल तर ते दोन-तीन पाण्यांत धुवावे, कारण त्यात क्षार असू शकतात आणि त्वचेने श्वास घेणाऱ्या जिवाला ते लगेच जाणवतात. बागेची माती किंवा खत मिसळलेली कुंडीची माती वापरू नये. डबे नेहमी दोन, जमल्यास तीन असावेत आणि ते महिनाभराच्या अंतराने लावलेले असावेत, म्हणजे सर्व एकाच वेळी जुने होत नाहीत. चार-सहा महिन्यांनी माध्यम चिकट, काळे आणि बारीक होते. तेव्हा निम्मे काढून नवे घालावे, सगळे एकदम बदलू नये.

बिघडलेल्या डब्यातील कृमी माशांना द्यावेत का, असाही प्रश्न येतो. जिवंत आणि हालचाल करणारे कृमी वर सांगितल्याप्रमाणे धुऊन दिल्यास चालतात, पण डब्यातले पाणी टाकीत जाऊ देऊ नये, आणि मेलेले किंवा ढिले पडलेले कृमी अजिबात देऊ नयेत, कारण ते टाकीत विरघळून तेथेही अमोनियाच वाढवतात. ग्रिंडल वर्ममध्ये चरबी बरीच असल्याने निरोगी डब्यातूनही ते आठवड्यातून दोन-तीन वेळा देणे पुरेसे आहे. कल्चर सावरेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, काढणी बंद ठेवावी लागते. या काळात लहान पिल्लांसाठी व्हिनेगर ईल हा चांगला आधार आहे: टर्बाट्रिक्स ॲसेटाय हा 2 मिलिमीटरच्या आसपासचा सूत्रकृमी सफरचंदाच्या पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये, सफरचंदाच्या एका तुकड्यावर, कोणतीही देखभाल न करता महिनोन्‌महिने टिकतो, गोड्या पाण्यात बराच वेळ पोहत राहतो, आणि एक बाटली भरून ठेवली तर ग्रिंडलचा डबा बंद असतानाही पिल्लांचे खाणे थांबत नाही.